घर घेतलें, मागील घरपट्टी कोणाची?

मध्यम स्थितींतील कुटुंबांत घराची खरेदी ही आयुष्यांत बहुधा एकदांच घडणारी गोष्ट होय. वडिलांची शिल्लक, मुलाचा पगार, गृहिणीचे चार दागिने आणि बँकेचें कर्ज इतकें सर्व एकत्र यावें, तेव्हां कोठें चार भिंती आपल्या होतात. वास्तुशांतीचा मुहूर्त पाहतांना पंचांग दहांदां उघडलें जातें. परंतु त्या घरावर नगरसंस्थेचें किती देणें आहे, हें पाहण्यासाठीं मात्र कित्येकजण एकदांहि कचेरीची पायरी चढत नाहींत. मग पहिलें बिल येतें, त्यांत 'मागील बाकी' या सदरांत मोठा आंकडा दिसतो, आणि कर्ता पुरुष म्हणतो, "ज्यानें थकविलें त्यानें भरावें, माझा काय संबंध?" हा प्रश्न न्यायबुद्धीस धरून आहे. कायद्याचें उत्तर मात्र इतकें सरळ नाहीं.

सोलापूरची नगरपालिका १८५२ सालीं स्थापन झाली. ६ एप्रिल १९३० रोजीं जिच्या इमारतीवर राष्ट्रध्वज चढविला गेला, ती हीच. १ मे १९६४ रोजीं तिची महानगरपालिका झाली व मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम, १९४९ येथें लागू झाला. त्याचेंच आतांचें नांव महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम असें आहे. त्याच्या १४१ व्या कलमान्वयें मालमत्ता-कराची बाकी ही, सरकारी जमीनमहसूल वजा जातां, त्या मिळकतीवरील पहिला बोजा ठरते. सारांश, हा कर केवळ माणसाच्या नांवावर नसून घरावर बसलेला असतो. माणूस गांव सोडून जाईल; भिंत कोठें जाणार?

ही कल्पना आपणांस नवीन वाटावयास नको. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत, तिसऱ्या अधिकरणांत, वास्तुविक्रयाचा विधि सांगितला आहे. घर विकत घेण्याचा मान प्रथम आप्तांस, मग शेजाऱ्यांस, मग धनकोस. आणि विक्रीची घोषणा चाळीस शेजारी कुळांसमक्ष, घराच्या पुढें उभें राहून करावयाची. पुढें असेंहि सांगितलें आहे कीं, करदात्यानें आपली भूमि करदात्यासच विकावी अथवा गहाण द्यावी. भूमि कोणाच्याहि हातीं गेली तरी तिजवरील कर बुडूं नये, हा त्यांतील हेतु उघड आहे. चाळीस घरांसमक्ष विकलेल्या वास्तूवरील देणें लपून राहणें कठीण होतें. आज दस्त होतो तो दुय्यम निबंधकाच्या कचेरींत. शेजाऱ्यास त्याचा पत्ताहि नसतो. म्हणून जी चौकशी पूर्वीं चारचौघांत होई, ती आतां ज्याची त्यानें केली पाहिजे.

विकणारा व घेणारा या दोघांपुरतें पाहिलें, तर कायदा घेणाऱ्याच्या बाजूचा आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या ५५ व्या कलमाप्रमाणें, उलट करार नसेल तर, विक्रीच्या दिवसापर्यंतचे सार्वजनिक कर विकणाऱ्यानें भरावयाचे, त्यापुढील घेणाऱ्यानें. परंतु हा हिशेब त्या दोघांमधला आहे. महानगरपालिका त्यांत पक्षकार नसल्यामुळें 'मागील बाकी विक्रेता देईल' असें खरेदीखतांत लिहिलें तरी तिचा बोजा उतरत नाहीं.

यावर एक महत्त्वाचा निवाडा आहे. अहमदाबादेस न्यायालयामार्फत झालेल्या लिलावांत एकानें मिळकत घेतली आणि पूर्वीच्या मालकाची कर-बाकी त्याच्यापुढें उभी राहिली. प्रश्न याच अधिनियमाच्या याच कलमाचा होता. सर्वोच्च न्यायालयानें १९७१ सालीं ठरविलें कीं, बाकीची माहिती नसतां मोल देऊन मिळकत घेणाऱ्यावरहि हा बोजा चालावा, असें कलम १४१ स्पष्टपणें म्हणत नाहीं. आणि खरेदीदारास बाकी ठाऊक होतीच, असें सरसकट गृहीतहि धरतां येत नाहीं, तें त्या त्या प्रकरणाच्या वस्तुस्थितीवरून ठरवावें. खरेदीदार जिंकला.

तथापि या निवाड्यावर विसंबून कोणी स्वस्थ बसूं नये. जाणूनबुजून चौकशी टाळणारास, किंवा ढोबळ हयगय करणारास, कायदा 'माहीत होतें' असेंच समजतो. अलीकडे कर-बाकी संगणकावरहि पाहतां येते. अशा दिवसांत 'मला ठाऊक नव्हतें' हें म्हणणें पूर्वीपेक्षां दुबळें झालें आहे. शिवाय सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाण्याची ताकद किती कुटुंबांत असते?

विलंब किती महाग पडतो, हें त्रैराशिकानें पाहावें. वेळेवर न भरलेल्या करावर दरमहा २ टक्के शास्ती बसते. थकलेली रक्कम २०,००० रुपये असेल तर महिन्यास ४०० व वर्षास ४,८०० रुपये. याप्रमाणें ५० महिन्यांत शास्ती मुद्दलाइतकी होते. विकणारा व घेणारा चार वर्षें भांडत बसले, तर भांडणाचा विषयच जवळजवळ दुप्पट झालेला असतो. कधींकधीं अभय-योजना निघून शास्तींत सूट मिळते, पण मुद्दल सुटत नाहीं.

यास्तव इसारापूर्वीच विक्रेत्याकडून मिळकत क्रमांक घ्यावा व कर-विभागांतून वर्षवार बाकीचा उतारा मागावा. पाणीपट्टीहि त्याच वेळीं पाहावी. शुक्रवार पेठेंतील वा कसब्यांतील जुन्या वाड्यांत बिल अद्याप आजोबांच्या नांवें येतें, आणि प्रत्येक भाऊबंद दुसऱ्याच्या हिश्शाकडे बोट दाखवितो. तेथें विशेष जपावें. बाळे, शेळगी, सोरेगांव हीं गांवें १९९२ च्या हद्दवाढींत शहरांत आलीं. तेथील जुन्या घरांचे ग्रामपंचायतीच्या वेळचे कागदहि ताडून पाहावे. बाकी निघाल्यास ती विक्रेत्याच्या देखत किंमतींतून वळती करून परस्पर भरावी आणि पावती दस्ताआधीं हातीं घ्यावी.

ज्यांची खरेदी होऊन गेली आहे, त्यांनीं प्रथम उताऱ्यावर खरेदीच्या तारखेस रेघ मारावी. तिच्या अलीकडील रक्कम आपली, पलीकडील विक्रेत्याची. त्यास लेखी मागणी करावी. तो ऐकत नसेल आणि जप्तीचें भय असेल, तर बाकी आपण भरून शास्ती थांबवावी, पावती आपल्या नांवें घ्यावी व पैसे त्याच्याकडून वसूल करावे. दुसऱ्यानें देणें असलेली रक्कम, आपला हितसंबंध गुंतल्यामुळें ज्यास भरावी लागली, त्यास ती परत मागण्याचा हक्क १८७२ च्या करार अधिनियमाचें ६९ वें कलम देतें. दाव्याची मुदत पैसे भरल्यापासून तीन वर्षें आहे.

त्याबरोबरच कर-नोंदींत आपलें नांव लावून घ्यावें. दस्त नोंदल्यापासून तीन महिन्यांच्या आंत हस्तांतरणाची लेखी सूचना महानगरपालिकेस द्यावी, असा नियम आहे, व तो दोघांवरहि बंधनकारक आहे. नगर भूमापन कचेरींतील मिळकत-पत्रिका ही आणखी निराळी. एका कचेरींतील नोंद दुसरीकडे आपोआप उतरेल, या भरंवशावर राहूं नये.

येथें विकणाऱ्यांसहि एक सांगणें आहे. सूचना दिली नाहीं, तर ती देईपर्यंत किंवा हस्तांतरण नोंदलें जाईपर्यंत पुढील करांबद्दलहि तोच जबाबदार राहतो. वडिलार्जित घर विकून पुण्या-मुंबईस मुलाकडे गेलेल्या एखाद्या वृद्धाच्या नांवानें, ज्या घरांत आतां परके राहतात त्या घराची मागणी येत राहणें, हें त्याच्या उतारवयास शोभणारें नव्हे. दोघांनीं मिळून कचेरींत घालविलेली एक सकाळ दोन्ही घरांची चिंता दूर करते.

खरेदीखतानें मालकी मिळते, नुसत्या कर-पावतीनें मिळत नाहीं, हें खरें. परंतु खरेदीखताच्या पुडक्यांत निरंक बाकीचा दाखला व आपल्या नांवाची पहिली पावती ठेविली, म्हणजे पुढें मुलांनीं तें पुडकें उघडल्यावर त्यांना वारशांत घर मिळेल, वाद मिळणार नाहीं.