५० लिटर वायू जाईल कोठे?

जानेवारी उजाडला की ठाकुर्ली स्टेशनाबाहेर हातगाड्यांवर द्राक्षे दिसू लागतात. आपण ती धुऊन खातो. ठाणे-वसई भागातील ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांत मात्र द्राक्षांची किंवा मनुकांची वाइन घरी करण्याची जुनी रीत आहे. त्यासाठीची तयारी द्राक्षे येण्यापूर्वीच करावी लागते. बरणी गरम पाण्याने स्वच्छ धुऊन वाळवायची, हे तर खरेच. पण त्याहून महत्त्वाचा प्रश्न म्हणजे तिचे तोंड कसे बंद करायचे?

हा प्रश्न मला लहानपणीच भेटला. उरलेला द्राक्षरस मी एका बाटलीत भरला आणि बूच घट्ट ठोकून बसवले. तिसऱ्या दिवशी मोठा आवाज झाला आणि स्वयंपाकघरभर काचा उडाल्या. त्या वेळी तेथे कोणी नव्हते, हे आमचे नशीब!

असे का झाले? फळांच्या सालीवर यीस्ट नावाचे सूक्ष्मजीव असतात. रसातील साखरेपासून ते अल्कोहोल आणि कार्बन डाय-ऑक्साइड तयार करतात. या क्रियेला किण्वन म्हणतात. ताज्या नीरेची ताडी होते तीही याच क्रियेने. किण्वन हे सजीवांचे काम आहे, असे लुई पाश्चर यांनी दाखवून दिले. १८६६ साली त्यांनी वाइनवर ग्रंथच लिहिला.

आता थोडे गणित करू. १८० ग्रॅम ग्लुकोजपासून ९२ ग्रॅम अल्कोहोल व ८८ ग्रॅम कार्बन डाय-ऑक्साइड मिळतो. चांगल्या पिकलेल्या द्राक्षांच्या १ लिटर रसात सुमारे २०० ग्रॅम साखर असते. म्हणजे वायू झाला सुमारे ९८ ग्रॅम. खोलीच्या तापमानाला १ ग्रॅम वायू अर्ध्या लिटरहून थोडी अधिक जागा व्यापतो. थोडी साखर यीस्टच्या वाढीत खर्च होते, हे धरले तरी १ लिटर रसातून ५० लिटर वायू निघतो! हा वायू कोंडला तर काय होईल? शॅम्पेनची बाटली मुद्दाम जाड काचेची करतात, आणि तिच्यातही दाब ५ ते ६ वातावरणांइतकाच असतो. साध्या बाटलीचा काय पाड?

मग तोंड उघडेच ठेवावे काय? तसेही चालत नाही. हवा लागली की दुसरे जीवाणू अल्कोहोलचे ॲसेटिक आम्ल करतात आणि वाइनचा शिरका होतो. वायू बाहेर जावा, पण हवा आत येऊ नये, असे दार हवे. ते दार पाण्याचे करतात. बुचातून नळी काढून तिचे टोक पाण्यात २ सेंटीमीटर बुडवायचे. १ वातावरण दाब म्हणजे सुमारे १,०३४ सेंटीमीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ. तेव्हा वातावरणाच्या अवघ्या पाचशेव्या भागाइतका जादा दाब झाला की वायू बुडबुड्याने बाहेर पडतो. बाहेरच्या हवेची वाट मात्र पाणी अडवते. फेस आणि साली वर येऊन नळी बुजू नये म्हणून बरणीचा पाव भाग रिकामा ठेवतात. हा वायू हवेच्या दीडपट जड असतो. तो बंद खोलीत खाली साचून जीव गुदमरू शकतो. म्हणून खोली हवेशीर हवी.

महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य करण्यास १९४९ च्या दारूबंदी कायद्याने मनाई आहे. तेव्हा तुम्ही वाइन करू नका; तिचे विज्ञान मात्र जरूर पडताळा. शिक्षकांच्या देखरेखीखाली एका बाटलीत कोमट पाणी, दोन चमचे साखर आणि चिमूटभर बेकरीचे यीस्ट घाला. बुचातील नळीचे टोक चुन्याच्या निवळीत सोडा. निवळी दुधाळ होईल. मिनिटाला किती बुडबुडे येतात ते मोजा. मग बाटली थंड पाण्यात ठेवून पुन्हा मोजा. मिश्रण चाखू नका. प्रयोग संपला की ते ओतून टाका, आणि काहीही झाले तरी बाटलीचे तोंड घट्ट बंद करू नका!