चाळीस गुण, तरी दुसरे
कर्जत-खालापुरात रात्री हॅलोजनच्या उजेडात रंगणारी कबड्डी म्हणजे हरला की घरी. फुटबॉल लीगचं तसं नाही. विजयाला 3, बरोबरीला 1 गुण. हंगामभर बेरीज चालू. इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीच्या चॅम्पियनशिप लीगमधून पहिले दोन संघ थेट वरच्या श्रेणीत जातात. आपल्या आय-लीगमधून वरच्या आयएसएलमध्ये 2025 मध्ये फक्त पहिला जाणार होता. म्हणून गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सचे 22 सामन्यांतले 40 गुण सोन्याचे होते. इंटर काशीकडे 39. चर्चिलला विजेते जाहीरही केलं. (घाईच ती!) पण ‘नामधारी’ नावाच्या संघानं काशीविरुद्धच्या सामन्यात अपात्र खेळाडू उतरवला होता. वाद स्वित्झर्लंडच्या क्रीडा लवादात गेला. हरलेल्या त्या सामन्याचे 3 गुण काशीला मिळाले, बेरीज 42. जुलैत चर्चिल दुसरे ठरले.