प्राध्यापकाची उमेदवारी

संगमनेरच्या एखाद्या प्राध्यापकाला विधानसभा लढवायची असेल, तर पहिला प्रश्न मतांचा नसून त्याच्या नोकरीचा असतो. संविधानाच्या अनुच्छेद 191 नुसार शासनाच्या अखत्यारीतील लाभाचे पद धारण करणारा अपात्र ठरतो. म्हणून शासकीय महाविद्यालयातल्या प्राध्यापकाला अर्जापूर्वीच राजीनामा द्यावा लागतो. खासगी संस्थेच्या महाविद्यालयात मात्र नेमणूक संस्था करते. पगार अनुदानातून आला म्हणून ते पद आपोआप शासनाचे होत नाही. तिथे संस्थेचे व विद्यापीठाचे सेवानियम पाहावे लागतात.

यावर कुणी म्हणेल, शिक्षकांसाठी विधान परिषद आहेच की! आहे, 78 पैकी 7 जागा शिक्षक मतदारसंघांच्या, आणि संगमनेर नाशिक विभागात मोडते. पण तिथे शिक्षक असण्याची अट मतदाराला आहे, उमेदवाराला नाही. त्यामुळे ती वाट प्राध्यापकासाठी राखीव आहे, हा समज चुकीचा. शिवाय तिथे वय 30 लागते, विधानसभेला 25 पुरते. प्राध्यापक निवडणुकीत उतरला की विद्यार्थ्यांच्या तासांचे नुकसान होते, हा आक्षेप जास्त वजनदार. पण त्यावर उपाय रजेचा आहे, बंदीचा नव्हे. संगमनेरच्याच जिल्ह्यातले प्रा. राम शिंदे 2009 आणि 2014 मध्ये कर्जत-जामखेडमधून निवडून आले, मंत्री झाले, 2019 मध्ये हरले, आणि डिसेंबर 2024 मध्ये विधान परिषदेचे सभापती झाले. नावामागचे ‘प्रा.’ मतदाराने ना अडवले, ना तारले.