छायाचित्रांतील शिलालेख आणि लेयर मास्क

१. शिलालेख प्रत्यक्ष दगडासमोर बसून वाचावा. तें न साधल्यास ठशावरून वाचावा. ठसाही न मिळाल्यास छायाचित्रावरून वाचावा, हा क्रम संशोधकांस सुपरिचित आहे. परंतु आज बहुतेक अभ्यासकांच्या हातीं प्रथम पडतें तें छायाचित्रच, व तेंही संगणकावर कांहीं ना कांहीं संस्कार होऊन आलेलें असतें. ह्या संस्कारांपैकीं ‘लेयर मास्क’ ही युक्ति काय आहे, आणि तिचा उपयोग कोठपर्यंत न्याय्य व कोठून पुढें पुराव्यास बाधक, याचा विचार येथें करावयाचा आहे. उदाहरणें अहिल्यानगर जिल्ह्यांतील (२०२४ पर्यंतचें नांव अहमदनगर) घेतलीं आहेत.

२. प्रथम अडचण पाहूं. अकोलें तालुक्यांतील हरिश्चंद्रगडावर केदारेश्वराची गुहा आहे. आंत मोठें शिवलिंग, भोंवतीं पाणी, आणि चार खांबांपैकीं एकच धड उरलेला. गुहेच्या तोंडाशीं लख्ख उजेड, आंत काळोख. उजेडाच्या मापानें छायाचित्र घेतल्यास आंतील दगड काळाठिक्कर येतो. काळोखाच्या मापानें घेतल्यास तोंडाकडील भाग पांढराफेक होऊन त्यांतील तपशील नष्ट होतो. अहमदनगर शहरांतील दमडी मशीद ही साहिरखानानें १५६७–६८ च्या सुमारास बांधिलेली लहानशी परंतु कोरीव कामानें भरलेली इमारत. तिच्या भिंतीवर अर्धें ऊन व अर्धी सावली असली म्हणजे तोच प्रसंग येतो. सबंध चित्र सारखें उजळून येथें भागत नाहीं. एक भाग उजळावा व दुसरा जसाच्या तसा राहावा, अशी गरज असते.

३. ही गरज नवी नाहीं. फिल्मच्या काळीं अंधाऱ्या खोलींत प्रत काढतांना छायाचित्रकार दिवा व कागद यांच्यामध्यें हात किंवा पुठ्ठ्याचा तुकडा हालवीत असे. जेथें प्रकाश कमी पडे तो भाग प्रतींत उजळ येई. जेथें अधिक पडे तो गडद. लेयर मास्क हें त्या पुठ्ठ्याचेंच संगणकीय रूप होय.

४. याची रचना अशी. मूळ चित्र तळाशीं ठेवून त्यावर सुधारणेचा दुसरा थर ठेवितात. ह्या थराला त्याच मापाचें एक करड्या छटांचें चित्र जोडलेलें असतें, तोच मास्क. मास्क जेथें पांढरा तेथें सुधारणा पूर्ण लागू होते, जेथें काळा तेथें मुळींच होत नाहीं, आणि जेथें करडा तेथें त्या प्रमाणांत होते. समजा, एका बिंदूची मूळ उजळता ४० आहे आणि सुधारणेनें ती १२० होते. मास्क तेथें नेमका अर्धा करडा असेल तर फल ८० येईल. मूळ चित्र मात्र तळाशीं अस्पृष्ट राहतें. मास्क सबंध काळा केला कीं पूर्वस्थिति परत मिळते. अडॉबी फोटोशॉपमध्यें थरांची सोय १९९४ सालीं तिसऱ्या आवृत्तींत आली. गिंप ह्या विनामूल्य आज्ञावलींतही हेंच काम होतें. मास्काची कड ब्रशानें मऊ करितात. नाहींतर उजेड-सावलीच्या सीमेवर खोटी रेघ उमटते.

५. आतां धोका. मास्क गुहेच्या अंधाऱ्या अंगावर सरसकट घातला तर हरकत नाहीं. परंतु तोच बारीक ब्रशानें अक्षरांच्या वळणावरून फिरविला, तर तें उजळणें राहत नाहीं, लिहिणें होतें. ‘ब’ व ‘व’ यांत भेद एका तिरप्या रेघेचा. दगडावरील टवका उठवून दाखविला तर त्याचा अनुस्वार होतो. झिजलेला एक अंक दुसऱ्यासारखा दिसूं लागला तर शक बदलतो व त्याबरोबर सारी कालगणना हालते. फारशी लिपींत तर कित्येक अक्षरें केवळ नुक्त्यांनींच वेगळीं होतात. वाचकास वाटतें कीं दगड बोलत आहे. वस्तुतः बोलत असतो तो ब्रश धरणाराच.

दुसरी गोष्ट सावलीची. कोरलेलीं अक्षरें तिरप्या उजेडांत त्यांच्या सावलीमुळेंच ओळखूं येतात. ती सावली अनावर उजळली तर अक्षरच बुजतें. तसेंच निरनिराळ्या बाजूंच्या उजेडांत घेतलेलीं दोन चित्रें मास्कानें जोडलीं, तर एकाच लेखांत सावल्या परस्परविरुद्ध पडतात, आणि खोदलेलें व उठावाचें यांचा घोटाळा होतो. अशीं चित्रें न जोडतां शेजारीं शेजारीं छापावीं, हें बरें.

६. जुना कागद छापतांना संपादक फाटलेल्या जागीं आपल्या तर्काचीं अक्षरें चौकटी कंसांत घालतो, म्हणजे मूळ कोणतें व तर्क कोणता हें वाचकास कळतें. मास्कासही हाच नियम लावावा. मूळ छायाचित्र अस्पृष्ट जपावें. सुधारित चित्राबरोबर तेंही छापावें. कोणता भाग, किती व कशासाठीं उजळला, हें चित्राखालीं लिहावें. थर एकत्र न करितां मास्कासह संग्रहीं ठेवावे. आणि शंकास्थळीं अक्षराभोंवतीं मास्क मुळींच फिरवूं नये. चांगदेवांशीं संबंध सांगितले जाणारे लेख हरिश्चंद्रगडावर आहेत. ते झिजत जातील तसतसें पुढील अभ्यासकांस आपल्या छायाचित्रांवरच विसंबावें लागेल. आज आपण काय उजळलें हें न लिहिल्यास, दगडावर खरोखर काय होतें हें ताडून पाहण्याचा मार्ग त्यांस राहणार नाहीं.