सात हजार मागावेत, की बारा हजार सांभाळावेत?



उसाच्या बिलावर आयकर नाही, हे आपण सगळे जाणतो. १९६१ च्या आयकर कायद्याने शेतीचे उत्पन्न करमुक्त ठेवले आणि १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या कायद्यातही ते तसेच आहे. त्यामुळे 'रिटर्न' हा शब्द निघाला की तो नोकरदार-व्यापाऱ्यांचा विषय म्हणून आपण पान उलटतो. पण हल्ली एकाच चुलीवर जेवणाऱ्या घरात ऊसही असतो, पगारही असतो, आणि बँकेतल्या ठेवीचे व्याजही असते. मग कुठेतरी कर कापला जातो. तो परत मागावा की गप्प बसावे, असा प्रश्न पडतो.

आमच्याकडे हा प्रश्न आला तो घाटाखालून. आपल्या सभासदांच्या काही लेकी घाट उतरून शहापूर-मुरबाडकडे दिलेल्या आहेत. वडिलांच्या मागे वारसाने त्यांच्या नावावर ऊस आणि शेअर आले. अशीच एक सभासद भगिनी डोळखांबला नांदते. तिच्या घरचा हिशेब इथे मांडतो. नाव सांगत नाही, आणि समजायला सोपे जावे म्हणून आकडे गोल केले आहेत. नियम २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे धरले आहेत.

घर असे. सासरे अठ्ठावन्न वर्षांचे, भातशेती करणारे. शहापूर तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला त्यात त्यांची एक पट्टी गेली. मोबदल्यातले दहा लाख बँकेत मुदत ठेवीत आहेत, त्याचे व्याज वर्षाला ७०,००० रुपये. नवरा मुरबाडच्या एमआयडीसीत कामाला, वर्षाचा पगार सहा लाख. आणि हिचा माहेरचा ऊस, लागण-खोडव्याचा खर्च जाऊन तीन लाख.

आता बँकेने सासऱ्यांच्या व्याजातून दहा टक्के, म्हणजे ७,००० रुपये कापले. एप्रिल २०२५ पासून व्याज वर्षाला ५०,००० च्या वर गेले की बँकेला कापावेच लागतात; साठी ओलांडलेल्यांना ही मर्यादा एक लाख आहे. पॅन दिलेला नसेल तर कपात वीस टक्के. सासऱ्यांना कोणीतरी सांगितले, "आबा, ते सात हजार मागायला जाऊ नका. रिटर्न भरलंत की सरकारदरबारी करदाते म्हणून नाव लागतं. मग पीएम-किसानचे सहा आणि नमो शेतकरीचे सहा, दोन्ही बंद. वर मागचीही वसुली." आबा गप्प बसले. सातासाठी बारा कोण घालवील?

ही भीती हवेतली नाही. पीएम-किसान योजना २०१९ साली आली, आणि पुढच्या दोन वर्षांत आयकर भरणाऱ्या लाभार्थ्यांना तहसील कार्यालयांतून वसुलीच्या नोटिसा गेल्या. गावात एकाला नोटीस आली की दहा घरे धसका घेतात. पण नियमाचे शब्द नीट वाचावेत. मागच्या कर निर्धारण वर्षात ज्याने आयकर भरला तो अपात्र. रिटर्न भरणे वेगळे आणि कर भरणे वेगळे. आबांचे करपात्र उत्पन्न सत्तर हजार, आणि चार लाखांपर्यंत करच नाही. म्हणजे त्यांचा कर शून्य. बँकेने कापलेले सात हजार हा आगाऊ घेतलेला पैसा आहे, तो रिटर्न भरल्यावरच परत मिळतो. आमचे तर उलट मत आहे. परतावा मागितला की आपण कर दिलेला नाही हे कागदावर येते. न मागता सोडला तर आपले पैसे सरकारजमा राहतात आणि कागदावर काहीच येत नाही.

दुसरी शंका आबांची अशी की पोरगा पगारदार आहे, त्याचा पगार धरून आपला हप्ता जाईल का? नाही. पीएम-किसानसाठी कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान मुले. सज्ञान मुलगा त्यात येत नाही, मग तो एकाच रेशनकार्डावर का असेना. राज्याचा नमो शेतकरी निधी २०२३ साली जाहीर झाला, तो पीएम-किसानच्या लाभार्थ्यांनाच जोडून मिळतो.

मात्र सुनेची गोष्ट निराळी, आणि खरा पेच तिथेच आहे. माहेरच्या जमिनीवर तिच्या नावाने पीएम-किसान येते. तिच्या कुटुंबात नवरा धरला जातो. नवऱ्याने कर भरला की तिचा हप्ता थांबला. आणि त्याच्या पगारातून त्या वर्षी कर कापला गेला होता! कसा, ते पाहा.

पगारदाराला कराच्या दोन पद्धतींतून एक निवडता येते. जुन्या पद्धतीत विमा, भविष्य निर्वाह निधी वगैरेची वजावट मिळते. नव्या पद्धतीत ती बहुतेक नाही, पण दर कमी आहेत. २०२३-२४ पासून काहीच सांगितले नाही तर नवी पद्धत धरतात. या गड्याने सोबत्याचे ऐकून 'विम्याची सूट मिळते' म्हणून कंपनीत जुनी पद्धत लिहून दिली. सहा लाखांतून ठरीव वजावट ५०,०००, आणि निधी, विमा, व्यवसाय कर मिळून ४०,०००. उरले ५,१०,०००. जुन्या पद्धतीत पाच लाखांपर्यंतच सूट आहे. दहा हजारांनी रेषा ओलांडली आणि उपकरासह १५,०८० रुपये कर बसला. नव्या पद्धतीत ठरीव वजावट ७५,०००, उरतात ५,२५,०००. त्यावर कर ६,२५० निघतो खरा, पण बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला ६०,००० पर्यंत सूट असल्याने देणे शून्य.

कंपनीत एकदा लिहून दिले म्हणजे संपले, असे नाही. ज्याला धंद्याचे उत्पन्न नाही अशा पगारदाराला रिटर्न भरताना पद्धत बदलता येते. याने नव्या पद्धतीने रिटर्न भरले की पंधरा हजार ऐंशी रुपये परत, आणि कर शून्य झाल्याने बायकोचा हप्ताही नियमात. इथे परतावा न मागण्यात दुहेरी तोटा होता. शिवाय याला रिटर्न भरायचे की नाही हा प्रश्नच नाही. सूट मिळण्याआधीचे उत्पन्न चार लाखांच्या वर असेल तर रिटर्न भरावेच लागते, कर शून्य असला तरी.

नवरा-बायकोचे उत्पन्न आपल्याकडे एकत्र धरत नाहीत, ज्याचे त्याचे वेगळे. म्हणून हिचा ऊस त्याच्या पगारात मिसळत नाही. पण ज्याच्या स्वतःच्या नावावर पगार आणि ऊस दोन्ही आहे त्याने थोडे सावध असावे. उसावर कर नाही, पण दर ठरवण्यासाठी ऊस मोजतात. समजा, वजावटीनंतर पगार दहा लाख आणि शेतीचे निव्वळ उत्पन्न आठ लाख. अठरा लाखांवरचा कर १,६०,०००. त्यातून शेतीचे आठ आणि माफीचे चार मिळून बारा लाखांवरचा कर ६०,००० वजा. उरले एक लाख. सूट जास्तीत जास्त ६०,०००. म्हणजे ४०,००० आणि उपकर, एकूण ४१,६०० देणे. 'बारा लाखांपर्यंत कर नाही' या भरवशावर राहिलेला शेतकरी-नोकरदार इथे फसतो. पगार पाच-सहा लाख आणि ऊस दोन-तीन लाख असेल, तर हा सगळा हिशेब करूनही कर शून्यच येतो. निव्वळ शेती उत्पन्न ५,००० च्या वर असेल तर 'सहज' हा एक नंबरचा फॉर्म चालत नाही. पगारदाराला दोन नंबरचा लागतो. ऊस बिले, सात-बारा, खत-बियाण्याच्या पावत्या जपून ठेवाव्यात.

शेतीचे उत्पन्न कशाला म्हणायचे, यातही चुका होतात. दुधाचा पगार शेतीत धरत नाहीत, ट्रॅक्टरचे भाडेही नाही. कारखान्यातल्या ठेवीचे व्याज आणि शेअरवरचा लाभांश हेही शेतीचे उत्पन्न नव्हे. ज्या सहकारी संस्थेची उलाढाल पन्नास कोटींच्या वर आहे तिला सभासदाच्या व्याजावरही बँकेप्रमाणेच मर्यादेनंतर कपात करावी लागते. ऊस बिलातून मात्र आयकर कापत नाहीत.

हक्काचे मागण्यात संकोच कसला? एफआरपीपेक्षा जास्त दिलेला ऊसदर हा नफा धरून सहकारी साखर कारखान्यांवर वर्षानुवर्षे आयकराच्या मागण्या निघत होत्या. कारखान्यांनी ते भांडण सोडले नाही. शेवटी २०२३ च्या अंदाजपत्रकात २०१६-१७ पूर्वीची ती रक्कम खर्च म्हणून मान्य झाली, आणि सुमारे १०,००० कोटींचा दिलासा मिळाला.

पण जे आपले नाही ते मागू नये, हेही सांगतो. आमच्या या भगिनीने लाडकी बहीण योजनेबद्दल विचारले होते. २०२४ सालच्या त्या योजनेला कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवे. नवऱ्याचा पगारच सहा लाख, तिथे अर्ज करण्यात अर्थ नाही. तसेच 'परताव्यातला हिस्सा द्या, मोठी रक्कम काढून देतो' म्हणणाऱ्या एजंटाच्या नादी लागू नये. न काढलेला विमा, न दिलेली देणगी दाखवून रिटर्न भरणाऱ्यांवर जुलै २०२५ मध्ये आयकर खात्याने देशभर छापे घातले. सही आपली असते, एजंटाची नव्हे.

रक्कम फार थोडी असेल तर? सातशे रुपये कापले आणि सल्लागाराची फी हजार, तर तो परतावा सोडून द्यावा, आम्हालाही तसेच वाटते. पण पुढच्या वर्षी कपातच होऊ नये याची सोय करावी. ज्याचा कर शून्य येतो आणि व्याज माफीच्या मर्यादेत आहे, त्याने एप्रिलमध्येच बँकेत तसा फॉर्म द्यायचा. १९६१ च्या कायद्यात साठीच्या आतल्यांना १५-जी आणि साठीवरच्यांना १५-एच असे. नव्या कायद्याने क्रमांक बदलले, तेव्हा 'व्याजावर कर कापू नये याचा फॉर्म' म्हणून मागावा. प्रत्येक बँकेत वेगळा आणि दर वर्षी नवा.

पगार-व्याजाच्या घरांनी मार्चअखेर संपलेल्या वर्षाचे रिटर्न ३१ जुलैपर्यंत भरावे. मुदत चुकली तर ३१ डिसेंबरपर्यंत भरता येते, पण उत्पन्न माफीच्या वर असेल तर पाच लाखांपर्यंत १,००० आणि त्यापुढे ५,००० रुपये दंडशुल्क. डिसेंबरही गेला की मागाहून दुरुस्तीचे रिटर्न भरून परतावा मिळत नाही. भरण्याआधी २६-एएस हा उतारा काढून बँकेने कापलेली रक्कम आपल्या पॅनवर जमा दिसते का ते पाहावे, आणि परतावा ज्या खात्यात हवा त्याला पॅन जोडलेला असावा.

डोळखांबच्या आबांनी आता पॅन, ठेवीची पावती आणि बँकेचा कपातीचा दाखला एका पिशवीत घालून सुनेच्या हाती दिला आहे. भाताचे निव्वळ उत्पन्न पाच हजारांच्या वर असल्याने त्यांना दोन नंबरचा फॉर्म लागेल, मुलाला एक नंबरचा चालेल.