जमिनीतील रौप्यनाणी, धातुशोधक यंत्र आणि इतिहासाचा पुरावा

प्रस्तावना :

नांगरलेल्या शेतातून मेटल डिटेक्टर घेऊन फिरणे हा इंग्लंडमधील हजारो सामान्य नागरिकांचा छंद आहे. या छंदामुळे तेथे जुनी रौप्यनाणी सातत्याने उजेडात येत असतात. यंत्राला धातू सापडतो. इतिहासकाराला मात्र पुरावा हवा असतो. या दोन गोष्टींमध्ये किती अंतर पडू शकते, हे २०१५ या एकाच वर्षी इंग्लंडमध्ये सापडलेल्या दोन निधींच्या आधारे स्पष्ट करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. महाराष्ट्रातील जोगलटेंभीच्या निधीचा विचारही त्याच अनुषंगाने केला आहे.

यंत्राचे कार्य आणि मर्यादा :

यंत्राच्या टोकाशी असलेल्या वेटोळ्यातून बदलती विद्युतधारा वाहते व त्यामुळे जमिनीत बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. त्या क्षेत्रात धातूची वस्तू आली की तिच्यात भोवऱ्यासारख्या फिरणाऱ्या सूक्ष्म विद्युतधारा उत्पन्न होतात. त्यांचे स्वतःचे चुंबकीय क्षेत्र दुसरे वेटोळे टिपते आणि यंत्र आवाज देते. चांदी ही सर्व धातूंमध्ये उत्तम विद्युतवाहक असल्याने तिचा संकेत लोखंडी खिळ्याच्या संकेताहून वेगळा उमटतो व अनुभवी कानाला तो ओळखू येतो. एकटे छोटे नाणे सामान्यतः वीतभर खोलीपर्यंतच कळते. हा थर बहुधा नांगराने आधीच उलटापालटा केलेला असतो. त्यामुळे तेथील सुटे नाणे उचलल्याने थरांचा पुरावा फारसा बिघडत नाही. किंबहुना ते तेथेच राहिल्यास खतांनी व अवजारांनी झिजण्याचीच शक्यता अधिक. खरा धोका नांगराच्या खाली, मूळ जागी अबाधित असलेल्या निधीला असतो. मोठा निधी अधिक खोलीवरूनही संकेत देतो आणि त्या क्षणी खोदणाऱ्याचा संयम सुटतो.

दोन निधी, दोन परिणाम :

२०१५ च्या ऑक्टोबरमध्ये ऑक्सफर्डशायरमधील वॉटलिंग्टन येथे एका छांदिष्टास असा निधी लागला. निधी असल्याचे ध्यानात येताच त्याने खोदणे थांबवून तज्ज्ञांना कळविले. निधी मातीच्या गोळ्यासह उचलून ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत नेण्यात आला. त्यात १८६ नाणी (काही तुकड्यांच्या स्वरूपात), ७ दागिने व चांदीच्या १५ लगडी निघाल्या. हा निधी इ. स. ८७० च्या दशकाच्या अखेरीस, म्हणजे वेसेक्सचा राजा आल्फ्रेड याने एडिंग्टन येथे ८७८ मध्ये व्हायकिंगांचा पराभव केल्यानंतर लवकरच पुरला गेला असावा, असे अभ्यासकांनी ठरविले.

या निधीतील काही नाण्यांवर रोमन सुवर्णनाण्याच्या अनुकरणाने शेजारी शेजारी बसलेले दोन सम्राट कोरले आहेत. हा प्रकार त्यापूर्वी अत्यंत दुर्मीळ होता. तो आल्फ्रेडच्या नावाने आढळतो, तसाच शेजारच्या मर्सिया राज्याचा राजा दुसरा चेओलवुल्फ याच्याही नावाने आढळतो. आल्फ्रेडच्या प्रभावाखाली लिहिल्या गेलेल्या अँग्लो-सॅक्सन बखरीने या चेओलवुल्फची व्हायकिंगांच्या हातातील बाहुले म्हणून अवहेलना केली आहे. परंतु दोन राजे एकाच घाटाची नाणी काढतात, तेव्हा त्यांच्यात काही काळ तरी राजकीय व आर्थिक सहकार्य असले पाहिजे. बखर जेत्याच्या दरबारात लिहिली जाते. व्यवहारासाठी पाडलेले नाणे मात्र पुढील पिढीच्या सोयीसाठी बदलता येत नाही. ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयाने २०१७ मध्ये हा निधी साडेतेरा लाख पौंडांना संपादित केला.

त्याच वर्षी जून महिन्यात हेरफर्डशायरमधील लेमिन्स्टरजवळ दोघा जणांना याच काळातील निधी सापडला होता. त्यातही दोन सम्राटांची नाणी होती. त्यांनी तो कळविला नाही. परस्पर विकावयास काढला. त्यांच्या भ्रमणध्वनीतून पुसलेली छायाचित्रे पोलिसांनी परत मिळविली. त्यांवरून मूळ निधीत सुमारे ३०० नाणी असावीत असा अंदाज निघाला; हाती आली ती केवळ ३१. २०१९ मध्ये दोघांना दीर्घ मुदतीच्या कारावासाची शिक्षा झाली. याच निधीतील मानली जाणारी आणखी ४४ नाणी विकू पाहणारे दोघे २०२३ मध्ये दोषी ठरले. तरीही उरलेल्या नाण्यांत कोणत्या राजाची किती होती, हे आज सांगता येत नाही. एखादे नाणे उद्या लिलावात दिसलेच, तर त्याची चांदी तीच असेल. त्याचे शेजारी मात्र गेले ते गेलेच.

इंग्लंडमधील १९९६ च्या ट्रेझर ॲक्टनुसार ३०० वर्षांहून जुनी, किमान १० टक्के मौल्यवान धातू असलेली दोन किंवा अधिक नाणी एकत्र सापडल्यास १४ दिवसांत कॉरोनरला (हे पद पूर्वी मुंबईतही होते) कळवावे लागते. संग्रहालयाने निधी घेतल्यास बक्षिसाची रक्कम सामान्यतः शोधक व जमीनमालक यांच्यात विभागली जाते. प्रस्तुत लेखकास या कायद्याचे मर्म शिक्षेपेक्षा बक्षिसात दिसते. १९९७ पासून सुरू झालेल्या पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीममध्ये पंधरा लाखांहून अधिक वस्तूंची स्थळासह नोंद झाली, ती भीतीपोटी झाली असती असे वाटत नाही.

जोगलटेंभीचा धडा :

नाण्यांच्या सोबतीचे मोल महाराष्ट्राला नवे नाही. नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे १९०६ मध्ये, अर्थातच कोणत्याही यंत्राविना, क्षहरात क्षत्रप नहपान याच्या सव्वातेरा हजारांवर रौप्यनाण्यांचा निधी सापडला. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला होता. क्षहरात वंशाचा त्याने उच्छेद केला, असे नाशिकच्या लेण्यातील गौतमी बलश्रीचा शिलालेख सांगतो. येथे नाण्यांनी लेखाला दुजोरा दिला, तर वॉटलिंग्टनला बखरीला छेद दिला. पण जोगलटेंभीचा निर्णायक पुरावा आहे तो प्रमाणाचा. सराफाच्या मुशीतून चुकून वाचलेली चारदोन नाणीच आपल्या हाती आली असती, तर जेत्याने पराभूताचे चलन किती व्यापक प्रमाणावर आपलेसे केले, हे समजले नसते.

भारतातील १८७८ चा निखात निधी कायदाही बक्षिसाचे तत्त्व मानतो, हे पुष्कळदा लक्षात घेतले जात नाही. दहा रुपयांहून अधिक मूल्याचा निधी सापडल्यास त्याचे स्वरूप, स्थळ व सापडल्याची तारीख जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावी लागते. कोणी मालक सिद्ध न झाल्यास व वेगळा करार नसल्यास तीन चतुर्थांश वाटा शोधकाचा व एक चतुर्थांश जागेच्या मालकाचा असतो. शासनाने निधी स्वतःकडे घेतल्यास मूल्याच्या एकपंचमांश इतकी अधिक रक्कम देण्याची तरतूद आहे. संरक्षित स्मारकांच्या क्षेत्रात मात्र परवानगीविना खोदताच येत नाही, मग हाती यंत्र असो वा कुदळ.

ग्रामीण महाविद्यालयांच्या इतिहास विभागात विद्यार्थी शेतात सापडलेले नाणे घेऊन येतात, तेव्हा राजाचे नाव सांगण्याआधी गट क्रमांक, खोली, सोबतचे मडके वा खापर आणि इतर नाण्यांची संख्या लिहून घ्यावी. चिंच लावून ते चकचकीत करू देऊ नये, कारण काळ्या थराबरोबर झिजलेली अक्षरेही निघून जातात. आणखी नाणी घरी असल्याचे कळल्यास ती न विभागता एकत्र ठेवावयास सांगून तहसील कार्यालयामार्फत जिल्हाधिकाऱ्यांना कळविण्यास त्या कुटुंबाला साहाय्य करावे.