वन्यजीव छायाचित्रांतील रंगझाक : कारणे, दुरुस्ती आणि मर्यादा

प्रस्तावना

डिजिटल कॅमेऱ्याच्या प्रसारामुळे महाविद्यालयांतील प्राणिशास्त्र व पर्यावरणशास्त्र विभागांच्या क्षेत्रभेटींत छायाचित्र हे नोंदीचे प्रमुख साधन बनले आहे. पक्षी किंवा प्राणी न पकडता त्याची ओळख पटविणे छायाचित्रामुळे शक्य होते. मात्र अशा छायाचित्रांवर अनेकदा हिरवट, निळसर किंवा पिवळट झाक आढळते. ती काढून टाकणे आवश्यक असले, तरी दुरुस्तीची पद्धत चुकल्यास नोंदीचे मूल्यच नष्ट होते. प्रस्तुत लेखात रंगझाकेची कारणे, दुरुस्तीचे तत्त्व व तिच्या मर्यादा यांचा परामर्श घेतला आहे.

रंगझाकेची कारणे

प्रकाशाचा रंग केल्विन या एककात सांगितला जातो. मध्यान्हीचा सूर्यप्रकाश सुमारे ५,५०० केल्विन असतो. निरभ्र आकाशाखालील सावलीत हे मूल्य ७,००० केल्विनच्या पुढे जाते व छायाचित्र निळसर दिसते. सूर्योदयाच्या वेळी ते बरेच खाली येऊन चित्र पिवळसर-तांबूस होते. मानवी मेंदू या बदलांशी आपोआप जुळवून घेतो; कॅमेऱ्याचा संवेदक तसे करू शकत नाही.

जंगलात यात आणखी एक भर पडते. पानांतील हरितद्रव्य तांबडा व निळा प्रकाश मोठ्या प्रमाणात शोषून घेते. त्यामुळे पानांतून गाळून किंवा पानांवरून परावर्तित होऊन येणारा प्रकाश हिरवट असतो. ही झाक निळा-पिवळा या अक्षावर नसून हिरवा-किरमिजी या अक्षावर असते. म्हणूनच केवळ केल्विन मूल्य बदलून ती जात नाही. संगणक प्रणालीतील ‘टिंट’ हे दुसरे नियंत्रणही वापरावे लागते.

कॅमेऱ्यातील स्वयंचलित व्हाइट बॅलन्स अर्थात श्वेत-संतुलनाच्या अनेक पद्धतींच्या मुळाशी दृश्यातील सर्व रंगांची सरासरी राखाडी येते, असे गृहीतक असते. दाट हिरव्या वनात हे गृहीतक ढासळते. वास्तवातील हिरव्या रंगालाच दोष समजून कॅमेरा किरमिजी छटा मिसळतो आणि पक्ष्याच्या पांढऱ्या पिसांवर गुलाबी झाक येते.

दुरुस्तीचे तत्त्व

तांबडा, हिरवा व निळा या तिन्ही घटकांना स्वतंत्र गुणकांनी गुणणे, हे दुरुस्तीचे मूलतत्त्व होय. रंगानुकूलनाविषयी योहानेस फॉन क्रीस यांनी १९०२ मध्ये मांडलेल्या विचारावर ते आधारलेले आहे. गुणक ठरविण्यासाठी दृश्यात खरोखर रंगहीन असलेली एखादी वस्तू लागते. ती कोणती मानावी, हाच यातील कळीचा प्रश्न आहे.

रानपिंगळ्याचे उदाहरण

रानपिंगळा या घुबडाचे वर्णन ह्यूम यांनी १८७३ मध्ये केले. १८८४ नंतर त्याचा विश्वसनीय पुरावा नव्हता. १९९७ मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग व त्यांच्या सहकाऱ्याला तो शहाद्याजवळ पुन्हा आढळला. सर्वत्र दिसणाऱ्या पिंगळ्यापासून तो वेगळा ओळखताना डोक्यावर ठिपके जवळजवळ नसणे, पंख व शेपटीवरील ठळक पट्टे आणि पोटाचा खालचा पांढरा, रेषाविरहित भाग या खुणा पाहतात. हा पक्षी दिवसाही वावरतो. त्यामुळे पानांआडच्या प्रकाशात त्याचे छायाचित्र मिळू शकते.

समजा, अशा छायाचित्रात त्याच प्रकाशात धरलेल्या राखाडी कार्डाची रॉ फाइलमधील मूल्ये तांबडा ११०, हिरवा १४० व निळा १०० अशी आहेत. तिन्ही समान करण्यासाठी तांबड्याचा गुणक सुमारे १.२७, हिरव्याचा १ व निळ्याचा १.४० येतो. पोटावरील पिसांची मूल्ये १६५, २०० व १४० असल्यास दुरुस्तीनंतर ती सुमारे २१०, २०० व १९६ होतात. म्हणजे पिसे किंचित उबदार पांढरी आहेत, असे कळते.

याउलट कार्डाऐवजी पोटावरच क्लिक करून संतुलन साधल्यास तिन्ही मूल्ये २०० होतील व पोट शुभ्र दिसेल. परंतु ते शुभ्र आहे हे येथे सिद्ध झालेले नसून आधीच गृहीत धरलेले आहे. जी खूण तपासावयाची, तिलाच प्रमाण मानणे हा चक्रीय तर्क होय. म्हणून संदर्भवस्तू प्राण्याच्या शरीराबाहेरची असावी.

व्यवहारातील दक्षता

प्रथम, चित्रण रॉ स्वरूपात करावे. जेपेगमध्ये प्रत्येक घटकाच्या २५६ पातळ्या असतात व कॅमेऱ्याचे गुणक आधीच लागू झालेले असतात. १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४ पातळ्या मिळतात. दुसरे, कार्डाचे चित्र प्राण्यावर पडणाऱ्या प्रकाशातच घ्यावे. गाडी उन्हात व प्राणी झाडाखाली असल्यास गाडीत धरलेले कार्ड दिशाभूल करते. अभयारण्यात गाडीतून उतरण्यास मनाई असते. तेथे शक्यतो गाडीजवळच्या तशाच सावलीचा आधार घ्यावा व दुरुस्ती अंदाजे असल्याची नोंद करावी. तिसरे, मूळ फाइल जपून ठेवावी व वापरलेली मूल्ये लिहून ठेवावीत.

मर्यादा

अर्धे शरीर उन्हात व अर्धे सावलीत असल्यास एकच गुणकसंच पुरत नाही. एखादा घटक अतिप्रकाशामुळे कमाल मर्यादेला पोहोचला असल्यास हरवलेली माहिती परत मिळत नाही. मोर किंवा शिंजीर यांचे चकाकते रंग पिसांच्या सूक्ष्म रचनेतून निर्माण होतात व पाहण्याच्या कोनानुसार पालटतात. हा बदल म्हणजे झाक नव्हे. पहाटेचा तांबूस प्रकाश हाही कलात्मक छायाचित्रात दोष नसून त्या क्षणाचे वास्तव असते. ओळख पटविण्यासाठीच्या प्रतीत मात्र तो वजा करणे इष्ट ठरते.

समारोप

रानपिंगळ्याच्या इतिहासात या विवेचनाला पूरक असा एक धडा आहे. रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांनी १९१४ मध्ये मिळविल्याचे सांगितलेला नमुना प्रत्यक्षात जुन्या संग्रहातील नमुन्यावर खोटी नोंद चढवून तयार केलेला होता, हे पुढे उघड झाले. नमुना खरा असूनही नोंद खोटी असल्याने तो पुरावा म्हणून निरुपयोगी ठरला. छायाचित्राचेही तसेच आहे. बाहेरील संदर्भावर आधारलेली व नोंदविलेली दुरुस्ती पुराव्याला बळकटी देते; केवळ डोळ्याला रुचेल अशी केलेली दुरुस्ती चित्र सुंदर करते, पण त्याची साक्ष काढून घेते. विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्याचे प्रशिक्षण देताना हा भेद प्रारंभीच स्पष्ट करणे अगत्याचे आहे.